मॉन्टे कार्लोला क्रूझ लागते त्या दिवशी या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत हल्ली सोसायटीतलं एखादं तरी कुटुंब मेडिटरेनियन क्रूझ करून आलेलं असतं, आणि ग्रुपवर कॅसिनोसमोरच्या भारी गाडीला टेकून काढलेला फोटो येतोच (टेकू नका हो, मालक समोरच कॉफी पीत बसलेला असू शकतो). फोटोत दिसत नाही ते म्हणजे निम्मा दिवस चढ चढण्यात, नेट का चालत नाही यावर वाद घालण्यात आणि शेवटी बोटीकडे पळण्यात गेलेला असतो.

सगळ्यात आधी तास नीट मोजा. कार्यक्रमपत्रिकेत आठ ते सहा लिहिलंय म्हणून दहा तास मिळत नाहीत. सकाळी उतरायला परवानगी मिळेपर्यंत, नाश्ता आणि लिफ्टची रांग होईपर्यंत नऊ वाजतात, आणि संध्याकाळी बोट सुटायच्या निदान अर्धा तास, कधी त्याहूनही आधी सगळ्यांनी आत असावं लागतं. त्यात बोट धक्क्याला लागणार की बाहेर नांगर टाकणार हे बुकिंगच्या वेळीच विचारा. मॉन्टे कार्लो हा मोनॅको या चिमुकल्या देशाचाच एक भाग, आणि मोनॅकोच्या पोर्ट हर्क्युल या बंदराला 352 मीटरचा मोठा धक्का आहे, स्पेनमध्ये बांधून 2002 मध्ये समुद्रातून ओढत आणून बसवलेला, पण जागा मोजकीच, त्यामुळे काही बोटी बाहेर थांबतात आणि छोट्या बोटीने, म्हणजे टेंडरने, किनाऱ्यावर नेतात. टोकन घ्या, नंबरची वाट बघा, तासभर सहज जातो. काही कंपन्या तर मोनॅको म्हणून शेजारच्या फ्रान्समधल्या विलफ्रांशला थांबतात, तिथनं पुढे ट्रेन. आणि घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा, फोन कुठली वेळ दाखवतोय त्यावर विसंबू नका.

दुसरी चूक म्हणजे नकाशा बघून "जवळच तर आहे" म्हणणं. जवळ आहेच, अख्खा देश जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा, किनारा चारेक किलोमीटर, आपला पाम बीच रोड त्याच्या दुपटीहून लांब. पण पाम बीच सपाट आहे आणि मोनॅको उभं. नकाशावर तीनशे मीटर दिसतं आणि प्रत्यक्षात ते डोक्यावर असतं, मग आई-बाबांचे गुडघे बोलायला लागतात आणि घरात भांडण. यावर तिथल्या लोकांनी केलेला उपाय फुकट आहे आणि आपल्या लोकांना माहीतच नसतो: सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने, डोंगराच्या आत खोदलेले, शहरभर. क्रूझच्या धक्क्यावरून उतरलात की जुनं शहर आणि राजवाडा ज्यावर आहे त्या खडकाच्या पायथ्याशी पार्किंग दे पेशर आहे, आत शिरा, गाड्यांच्या मधून जाताना वाटतं चुकलो, नाही चुकलात, लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांनी वर निघालात की समोर थेट समुद्रजीव म्युझियम. 1910 मध्ये उघडलेलं, प्रिन्स आल्बर्ट पहिला याने स्थापन केलेलं, लहान मुलं असतील तर तिकिटाचे पैसे वसूल. समोरच्या बंदराकडनं रॅम्प चढून जाणारे घामाघूम होऊन त्याच खडकावर पोचतात.

म्हणून आधी वर, मग खाली. राजवाड्यासमोर पहारा बदलतो तो 11:55 ला, बाराला नाही, बाराला पोचलात तर पाठमोरे शिपाई दिसतील. त्याआधी कॅथेड्रल, हॉलिवूडची नटी आणि नंतर इथली राजकन्या झालेल्या ग्रेस केलीची समाधी तिथेच आहे. मग उतरून खाली बंदराजवळच्या ला कोंदामिन भागातल्या बाजारात जेवा, व्हेज मंडळींना हरभऱ्याच्या पिठाची सोका चालते, पालेभाजी-चीजचं तळलेलं बार्बाजुआं घेताना मात्र अंडं किंवा मांस आहे का ते विचारा. कॅसिनो दुपारी. आतून फक्त बघायचाच असेल तर तो सकाळी असतो आणि खेळ दुपारी सुरू होतो, त्यामुळे पहारा आणि कॅसिनोची आतली सफर दोन्ही एका सकाळी कोंबू नका, एक निवडा. मला विचाराल तर बाहेरून पुरे, वास्तुविशारद गार्निएने केलेली इमारत बाहेरूनच जास्त छान दिसते. खेळायचंच असेल तर वय 18 पूर्ण आणि मूळ पासपोर्ट हवा, आणि काही क्रूझवाले पासपोर्ट जमा करून घेतात, तेव्हा आदल्या रात्री रिसेप्शनला विचारा. बीचवरचे कपडे बीचवरच, उघड्या अंगाने किंवा अनवाणी शहरात फिरलात तर पोलीस हटकतात.

आता फोन, सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच. मोनॅकोत युरो चालतो पण तो युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे बऱ्याच युरोप ई-सिमच्या यादीत फ्रान्स-इटली असतं आणि मोनॅको नसतं. उतरल्यावर नेट गेलं की सिम खराब झालं म्हणून रीस्टार्ट करत बसू नका, नेटवर्क ऑटोमॅटिकवरून काढून फ्रान्सचं हाताने निवडून बघा, सरहद्द इतकी जवळ आहे की कधीकधी पकडतं. ऑफलाइन नकाशा मात्र बोटीवरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा. आणि भर समुद्रात फोन एअरप्लेन मोडवरच. ओळखीतल्या नेरूळच्या एका काकांचा फोन रात्रभर बोटीच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटून फोटो बॅकअप करत राहिला, बिल बघून काकू अजून बोलतात.

कार्डवर परदेशी व्यवहार निघायच्या आधी बँकेच्या ॲपमधून चालू करा, आणि मशीनने रुपये की युरो विचारलं तर युरोच, रुपये दाबलं की रेट त्यांच्या मर्जीचा.

जवळचं डोंगरावरचं फ्रेंच गाव एझ बघायचा मोह झाला तर एक लक्षात ठेवा, ट्रेनचं स्टेशन एझ-सुर-मेर खाली समुद्राला लागून आहे आणि गाव वर चारशेहून जास्त मीटरवर, पायवाट तासाभराहून अधिकची. बसचं टाइमटेबल हातात नसेल तर सोडून द्या. ग्रां प्री, म्हणजे शहरातल्या रस्त्यांवरच होणाऱ्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या आधीचे काही आठवडे रस्त्यांवर बॅरिकेड असतात, चालायचे मार्ग बदलतात, तेव्हा प्रत्येक ठिकाणी थोडा जास्तीचा वेळ धरा.

बोट चुकलीच तर? कंपनीच्या टूरवर असाल तर थांबतात, स्वतःहून फिरत असाल तर नाही. रोज केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर किंवा ॲपमध्ये पोर्ट एजंटचा, म्हणजे त्या बंदरातल्या कंपनीच्या माणसाचा नंबर असतो, सकाळी उतरतानाच त्याचा फोटो काढा, पासपोर्टच्या पहिल्या पानाचा आणि व्हिसाचाही. धक्क्यावर रडत न बसता आधी एजंटला फोन करा, पासपोर्ट बोटीवर असेल तर तो त्याच्याकडे उतरवून ठेवलाय का विचारा, आणि पुढचं बंदर इटलीत असेल तर सरहद्दीवरच्या व्हेन्तिमिल्या स्टेशनला गाडी बदलून ट्रेनने गाठा. तिकिटाचा खर्च तुमचाच.