घोटा मुरगळला? आधी बोट, मग चार पावलं, मग एक्स-रे

घोटा टम्म सुजला की खेळाडूपेक्षा भोवतीची मंडळीच जास्त घाबरतात. पण सुजेवरून हाड मोडलंय का ते कळत नाही. त्यासाठी कॅनडातले ‘ओटावा नियम’ (1992) वापरा.

1. बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर 6 सेंटीमीटरपर्यंत, अंगठ्याने दाबा. वरून खाली या, दुखरी जागा शेवटी येऊ द्या. नाहीतर पहिल्याच दाबाला खेळाडू उडी मारेल आणि पुढचं सगळंच ‘दुखतंय’ होईल.
2. आतल्या घोट्यालाही तसंच.
3. पावलाच्या बाहेरच्या कडेवर, करंगळीच्या रेषेत मध्यावर उंचवटा लागतो, तो दाबा. मग आतल्या बाजूचं, घोट्याच्या जरा पुढचं नौकेसारखं हाड.
4. चार पावलं टाकायला लावा. लंगडत चाललेलं चालतं!

दाबलेल्या या चार जागांपैकी कुठेही हाड दुखलं, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि आत्ता, दोन्ही वेळा चार पावलं जमली नाहीत, तर एक्स-रे. नाहीतर नको.

हमखास होणारी चूक म्हणजे बाहेरच्या घोट्याच्या पुढचा मऊ खळगा दाबणं. तिथे लिगामेंट (हाडांना हाडं जोडणारा पट्टा) असतं, मुरगळल्यावर ते दुखणारच. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूलाही एकदा दाबून बघा. पाय पिळवटला असेल तर कधीकधी हाड तिथे मोडतं.

लहान मुलं, दारू प्यायलेली व्यक्ती किंवा मधुमेहाने पाय बधिर झालेले, यांच्याबाबतीत या नियमांवर विसंबू नका.