ब्लॉगिंगवरच्या विद्यार्थी-प्रकल्पाची संशोधनपद्धती कशी तपासावी

प्रकल्प हातात आला की पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. प्रस्तावना, ब्लॉगचा इतिहास, ‘आजच्या डिजिटल युगात’ वगैरे सगळं बाजूला ठेवून थेट निष्कर्षांचं प्रकरण उघडा. त्यातलं प्रत्येक ठाम विधान वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. साधारण पाच-सात निघतात. प्रत्येकासमोर तीन रकाने आखा: हे कोणाबद्दल म्हटलंय, कशाच्या आधारावर म्हटलंय, आणि तो आधार नेमका कसा गोळा केला. रकाने भरण्यासाठीच आता पद्धतीचं प्रकरण आणि परिशिष्टं वाचायची. जिथे रकाना रिकामा राहतो तिथे पद्धत तुटलेली असते, मग त्या प्रकरणात ‘वर्णनात्मक सर्वेक्षण पद्धती’, ‘मिश्र पद्धती’ अशी कितीही जड नावं असोत.

हे करताना पहिल्याच विधानात गाडी अडकू शकते. समजा, विधान आहे ‘ब्लॉगलेखनामुळे विद्यार्थ्यांचं लेखन सुधारतं’. आधार शोधला तर प्रश्नावलीतला बारावा प्रश्न सापडतो: ‘ब्लॉगमुळे तुमचं लेखन सुधारलं असं तुम्हाला वाटतं का?’ म्हणजे मोजलं गेलं ते मत आणि सांगितला गेला तो परिणाम. लेखनाचा एकही नमुना कोणी तपासलेला नाही. इथे सप्रमाणतेचा प्रश्न येतो: जे मोजायचं होतं तेच मोजलं का? विद्यार्थी-प्रकल्पांत नमुना (अभ्यासासाठी निवडलेली माणसं किंवा ब्लॉग) लहान असण्यापेक्षा हा दोष जास्त गंभीर असतो, आणि परीक्षकांच्या नजरेतून निसटतोही जास्त.

प्रश्न आणि पद्धत

ब्लॉगिंगवरच्या तीन जुन्या अभ्यासांकडे पाहिलं की कोणता प्रश्न कोणत्या पद्धतीने सुटतो हे चटकन कळतं. बॉनी नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लोक ब्लॉग का लिहितात हे शोधायला २३ ब्लॉगरांशी सविस्तर बोलून घेतलं. सुझन हेरिंग आणि सहकाऱ्यांना त्याच वर्षी ब्लॉगमध्ये प्रत्यक्षात काय असतं हे पाहायचं होतं, म्हणून त्यांनी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, निवडलेल्या २०३ ब्लॉगचं आशय विश्लेषण केलं, म्हणजे मजकूर वाचून त्याची ठरलेल्या गटांत विभागणी केली. अमेरिकेतल्या प्यू या संशोधन संस्थेला ब्लॉग लिहिणारे कोण आहेत हे हवं होतं. तिने २००६ मध्ये २३३ ब्लॉगरांचं टेलिफोनवरून सर्वेक्षण केलं. २३ मुलाखतींतून ‘किती टक्के’ निघत नाही आणि २०३ ब्लॉग वाचून लिहिणाऱ्याचा हेतू कळत नाही. विद्यार्थ्याच्या प्रश्नात ‘का’ असेल आणि हाती फक्त हो-नाहीची प्रश्नावली असेल, तर विसंगती तिथेच नोंदवा.

गृहीतकही पाहून घ्या. गृहीतक म्हणजे तपासून खरं-खोटं ठरवता येईल असं विधान. ‘ब्लॉगिंग उपयुक्त आहे’ हे गृहीतक नव्हे, कारण ते खोटं ठरण्याची वाटच ठेवलेली नाही.

नमुना: कुठून आला, कोण गळलं

जगातल्या सगळ्या ब्लॉगची यादी कुठेच नाही. त्यामुळे ‘यादृच्छिक नमुना निवडला’ असं वाक्य दिसलं की एकच प्रश्न विचारा: कोणत्या यादीतून? यादी नसेल तर निवड यादृच्छिक नाही. बहुतेक वेळा ती ओळखीपाळखीतून किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटातून झालेली असते. असा सोयीचा नमुना घेणं हा गुन्हा नाही, विद्यार्थ्याला तेच शक्य असतं. दोष त्याला यादृच्छिक म्हणण्यात आहे.

हा फरक आकड्यांतही उतरतो. यादृच्छिक नमुन्यात १०० प्रतिसादक असतील तर ९५ टक्के विश्वासपातळीला (म्हणजे शंभरातल्या ९५ वेळा) नमुना-त्रुटी, म्हणजे नमुन्यातला आकडा खऱ्या आकड्यापासून किती दूर असू शकतो ते अंतर, जास्तीत जास्त सुमारे ±१० टक्के असते. ४०० असतील तर ±५. म्हणजे त्रुटी निम्मी करायला नमुना चौपट लागतो. पण हे गणित सोयीच्या नमुन्याला लागूच होत नाही. गटात लिंक टाकून आलेल्या ४०० उत्तरांखाली ‘±५ टक्के’ लिहिलं असेल तर ती ओळ खोडायला सांगा. प्रतिसादाचं प्रमाणही मागा. लिंक ६०० जणांच्या गटांत गेली आणि ९० जणांनी फॉर्म भरला, तर प्रतिसाद १५ टक्के. ज्यांना ब्लॉगमध्ये रस आहे तेच फॉर्म भरतात, म्हणून ‘विद्यार्थ्यांत ब्लॉगिंग लोकप्रिय आहे’ हा निष्कर्ष अशा फॉर्ममधून जवळजवळ आपोआपच निघतो.

ब्लॉगच्या बाबतीत आणखी एक खास सापळा आहे, बंद पडलेल्या ब्लॉगचा. बरेच ब्लॉग थोड्या पोस्टनंतर थांबतात, पण नमुन्यात येतात ते चालू असलेलेच, कारण शोधयंत्रात तेच वर दिसतात. मग ‘नियमित लिहिल्याने वाचक वाढतात’ असं दिसणारच. नियमित लिहूनही वाचक न मिळाल्याने ज्यांनी ब्लॉग सोडला ते मोजलेच गेलेले नाहीत. गेल्या सहा महिन्यांत एकही पोस्ट नसलेले किती ब्लॉग नमुन्यात आहेत, हे विचारा. उत्तर शून्य असेल तर ती मर्यादा अहवालात लिहिलेली हवी.

पोस्टची निवडही तपासा. ‘प्रत्येक ब्लॉगच्या शेवटच्या दहा पोस्ट’ हा नियम निष्पक्ष वाटतो. पण रोज लिहिणाऱ्याच्या दहा पोस्ट दहा दिवसांच्या असतात आणि महिन्याला एक लिहिणाऱ्याच्या दहा महिन्यांच्या. एकाच्या दहाही पोस्ट एका सणावर किंवा एका निवडणुकीवर असू शकतात. एकच कालखंड ठरवून त्यातल्या पोस्टमधून चिठ्ठ्या टाकून निवड करणं बरं. उलट बाजूने, कालखंडातल्या सगळ्याच पोस्ट घेतल्या आणि ३०० पैकी २०० एकाच उत्साही ब्लॉगरच्या निघाल्या, तर तो अभ्यास त्या एका माणसाचा होतो.

प्रश्नावली आणि मुलाखत

प्रश्नावली परिशिष्टात नसेल तर पुढे वाचू नका, आधी मागवा. असेल तर पेन्सिल घेऊन प्रश्न स्वतः सोडवा; दोष आपोआप बोचतात. ‘ब्लॉग वाचणं सोपं आणि उपयोगी वाटतं का?’ यात दोन प्रश्न एकात कोंबलेत. ‘आठवड्याला किती पोस्ट लिहिता: १–२, २–४, ४–६’ यात दोन लिहिणारा कुठे खूण करणार, आणि महिन्याला एक लिहिणारा कुठे जाणार? ‘गेल्या वर्षभरात किती ब्लॉग वाचलेत?’ हे कोणालाच आठवत नाही. ‘गेल्या सात दिवसांत’ विचारलं तर काहीतरी खरं हाती लागतं. आणि ‘ब्लॉग’ म्हणजे काय हे सुरुवातीला सांगितलं नसेल, तर कोणी इन्स्टाग्रामवरचा मजकूर धरतो, कोणी बातम्यांची साइट. मग सगळी टक्केवारी डळमळते. आठ-दहा जणांवर पथदर्शी चाचणी घेतली का, आणि तिच्यानंतर कोणते प्रश्न बदलले, हे विचारा. ‘चाचणी घेतली, काही बदल लागले नाहीत’ या उत्तराकडे थोडं संशयाने पाहायला हरकत नाही.

मुलाखतींची संख्या सहा आहे की बारा, यावर फार अडून बसू नका. एकसारख्या गटात पहिल्या बारा मुलाखतींतच बहुतेक मुद्दे येऊन जातात, असं गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या २००६ च्या अभ्यासात दिसलं होतं. नमुना मिश्र असेल तर जास्त लागतात. पाहायचं ते असं: प्रश्नांचा आराखडा जोडलाय का, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन केलंय का, आणि उद्धृतं सगळ्यांची आहेत की दोघा वाचाळ प्रतिसादकांचीच. उद्धृतांपुढे ‘प्र१’, ‘प्र४’ अशा खुणा असल्या की हे दोन मिनिटांत मोजता येतं.

आशय विश्लेषण: इथे वेळ द्या

‘एकूण पोस्टपैकी ८० टक्के वैयक्तिक होत्या’ हे वाक्य एका माणसाच्या वाचनावर उभं असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. वर्गीकरणाचे नियम लेखी हवेत, प्रत्येक गटाची व्याख्या, एक चपखल उदाहरण आणि एक काठावरचं उदाहरण. आजारपणाचा अनुभव सांगत औषधांची माहिती देणारी पोस्ट कुठे टाकायची? नियमावलीत याचं उत्तर नसेल तर सोमवारी ती एका गटात जाते आणि गुरुवारी दुसऱ्या.

मग दुसऱ्या व्यक्तीने किमान १० ते २० टक्के पोस्ट स्वतंत्रपणे वर्गीकृत केल्यात का ते पाहा. नमुना लहान असेल तर टक्केवारीवर न थांबता ५० तरी. आणि नुसती एकमताची टक्केवारी दिली असेल तर समाधान मानू नका. समजा दोघांनी ५० पोस्ट वाचल्या, गट दोनच, ‘वैयक्तिक’ आणि ‘माहितीपर’. ३५ पोस्टना दोघांनीही वैयक्तिक म्हटलं, ५ पोस्टना दोघांनीही माहितीपर, आणि उरलेल्या १० वर मतभेद झाला, दोन्ही बाजूंनी पाच-पाच. एकमत ५० पैकी ४०, म्हणजे ८० टक्के. छान वाटतं. पण दोघांनीही ८० टक्के पोस्ट वैयक्तिकमध्येच टाकल्यात. न वाचता, डोळे मिटून त्याच प्रमाणात शिक्के मारले असते तरी ०.८ × ०.८ अधिक ०.२ × ०.२, म्हणजे ६८ टक्के वेळा जुळलंच असतं. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कप्पा’ (kappa) हा एकमत मोजणारा आकडा असा योगायोग वजा करतो: (०.८० − ०.६८) ÷ (१ − ०.६८) = ०.३७५. कप्प्याचा आकडा किती चांगला हे सांगणाऱ्या लँडिस आणि कोख यांच्या १९७७ च्या पट्टीवर हे एकमत बेताचं ठरतं. ०.६१ च्या वर गेलं तर भक्कम म्हणायचं. माहितीपर गटात नेमकं काय होतंय तेही दिसतं: पहिल्याने ज्या १० पोस्टना माहितीपर म्हटलं, त्यातल्या फक्त ५ दुसऱ्याला तशा वाटल्या.

कप्पा कमी आला म्हणून प्रकल्प बाद होत नाही. नियम सुधारून नव्या पोस्टवर पुन्हा तपासणी करायची. त्याच पोस्टवर, चर्चा झाल्यानंतर, पुन्हा मोजून ‘आता ०.९ आला’ म्हणणं मात्र चालत नाही.

वाचकसंख्येचे आकडे

ब्लॉगच्या डॅशबोर्डवरचे आकडे विद्यार्थी फार विश्वासाने चिकटवतात. पृष्ठदृश्यं म्हणजे वाचक नव्हेत. एकच माणूस फोनवरून आणि लॅपटॉपवरून आला तर तो बहुधा दोन म्हणून मोजला जातो, आणि ब्लॉगरच्या स्वतःच्या फेऱ्या व बॉटचा (आपोआप पानं उघडणाऱ्या संगणकप्रणालींचा) वावर वगळला होता का, हे कोणी लिहीत नाही. कालखंड २०२३ च्या आरपार जात असेल तर आणखी जपा. गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीने १ जुलै २०२३ पासून नवी माहिती घेणं थांबवलं. जुन्या आवृत्तीत एकच पान दहा मिनिटं वाचून निघून गेलेला माणूसही ‘बाउन्स’मध्ये जायचा. नव्या आवृत्तीत भेट १० सेकंदांपेक्षा जास्त टिकली तरी ती ‘गुंतलेली’ धरली जाते, आणि बाउन्स म्हणजे न गुंतलेल्या भेटी. त्यामुळे २०२२ आणि २०२४ चे बाउन्स दर शेजारी ठेवून ‘वाचकांचा रस वाढला’ म्हणणं म्हणजे मोजपट्टी बदलल्याचं श्रेय लेखकाला देणं.

‘आधी’ आणि ‘नंतर’

आठ आठवडे ब्लॉग लिहायला लावून आधीचे आणि नंतरचे निबंध तपासले असतील, तर तुलनेचा गट आहे का ते पाहा. नसेल तर सुधारणा ब्लॉगमुळे झाली, रोजच्या तासांमुळे झाली की नुसत्या सरावामुळे, हे सांगता येत नाही. मुद्दाम सर्वांत कच्चे विद्यार्थी निवडले असतील तर काहीही न करता त्यांचे सरासरी गुण थोडे वर येतात. निबंध टंकलिखित करून, तारखा काढून, आधीचे-नंतरचे एकत्र मिसळून तपासणाऱ्याला दिले होते का? ‘नंतरचा’ हे माहीत असलं की हात सैल सुटतो.

संख्याशास्त्रात दोन चुका हमखास शोधा. काय-वर्ग (chi-square) चाचणीत, म्हणजे गटांतल्या संख्यांमधला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे पाहणाऱ्या चाचणीत, प्रत्यक्ष संख्यांऐवजी टक्के घातलेले असतात. ४० जणांचा नमुना अशाने १०० चा होतो आणि चाचणीचं मूल्य अडीचपट फुगतं. दुसरी चूक, वीस चाचण्या करून जिचं पी-मूल्य (खरा फरक नसताना इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ खाली आलं ती एकच छापायची. प्रत्यक्षात काहीच फरक नसेल तरी वीस स्वतंत्र चाचण्यांत निदान एक अशी निघण्याची शक्यता ६४ टक्के असते.

ब्लॉगरची ओळख

अहवालात ‘ब्लॉगर अ’ लिहिलंय आणि खाली त्याचं वाक्य जसंच्या तसं दिलंय? ते वाक्य अवतरणचिन्हांत शोधयंत्रात टाका. ब्लॉग पहिल्याच शोधात उघडला तर नाव लपवण्याला अर्थ उरला नाही. पोस्ट सर्वांना दिसते म्हणून संमतीचा प्रश्न संपत नाही; ‘असोसिएशन ऑफ इंटरनेट रिसर्चर्स’ची २००२ पासूनची मार्गदर्शक तत्त्वं विषयाची नाजूकता आणि संभाव्य इजा पाहून निर्णय घ्यायला सांगतात. आजारपण, घरगुती हिंसा, अल्पवयीन लेखक असं काही असेल तर परवानगी घ्यावी, नाहीतर आशय आपल्या शब्दांत सांगावा. पोस्ट बदलतात आणि उडतातही, म्हणून प्रत्येकीची जतन केलेली प्रत आणि पाहिल्याची तारीख मागा.

शेरा लिहिताना

नमुना लहान म्हणून गुण कापू नका, दावा मोठा म्हणून कापा. नुसतं ‘नमुना वाढवावा’ असा शेरा निरुपयोगी. सादरीकरणाला आठवडा उरलेला असतो. काय अजून दुरुस्त होईल ते वेगळं लिहा. दुसऱ्या वाचकाकडून ५० पोस्ट पुन्हा वर्गीकृत करून घेणं एका दिवसाचं काम आहे, काय-वर्ग पुन्हा काढणं तासाभराचं. नमुना आता बदलत नाही, पण वाक्य बदलतं. ‘विद्यार्थी प्रामुख्याने स्वतःला व्यक्त करण्यासाठी ब्लॉग लिहितात’ याऐवजी असं लिहायला सांगा: ‘महाविद्यालयाच्या व्हॉट्सॲप गटांतून स्वेच्छेने उत्तर दिलेल्या ९० जणांपैकी ४० जण ब्लॉग लिहीत होते; त्यांतल्या २६ जणांनी, दिलेल्या पाच पर्यायांतून, स्वतःला व्यक्त करणं हे मुख्य कारण निवडलं.’