युद्धाचे निमित्त आणि पेट्रोलचा दर : सरकारला जाब कसा विचारावा

युद्ध दूर कुठेतरी पेटते आणि पेट्रोल इथे महागते, तेव्हा सरकारवर चिडणे स्वाभाविक आहे; परंतु ‘सरकारने अर्थव्यवस्थेची वाट लावली’ या तक्रारीला उत्तर देण्यास कोणतेही खाते बांधील नसते. उत्तर हवे असेल, तर युद्धामुळे काय झाले आणि सरकारच्या निर्णयामुळे काय झाले, याची फोड आधी करावी लागते.

त्यासाठी तारखा ओळीने लिहून काढाव्यात. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण केले आणि मार्चच्या सुरुवातीला कच्चे तेल पिंपामागे १२० डॉलरच्या वर गेले, तरी नोव्हेंबरपासून थांबलेला पंपावरचा दर हलला नाही. उत्तर प्रदेशासह पाच राज्यांचे निकाल १० मार्चला लागले. २२ मार्चपासून दोन-सव्वादोन आठवड्यांत पेट्रोल लिटरमागे सुमारे १० रुपयांनी वाढले. (हा योगायोग असेलही; पण विचारायला हरकत नाही.) पुढे २१ मे रोजी केंद्राने उत्पादन शुल्कात पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपयांची कपात जाहीर केली.

यादी मात्र युद्धापासून सुरू करू नये. कोविडकाळात तेल मातीमोल झाले असताना, मार्च आणि मे २०२० मध्ये मिळून हेच शुल्क पेट्रोलवर १३ आणि डिझेलवर १६ रुपयांनी वाढवले होते. नोव्हेंबर २०२१ ची ५ आणि १० रुपयांची कपात मे २०२२ च्या कपातीत मिळवली, तर बेरीज तंतोतंत तेवढीच येते. म्हणजे युद्धातला दिलासा म्हणून जे मिळाले, ते आधी घेतलेलेच परत आले होते. संतापापेक्षा ही बेरीज अधिक अडचणीची ठरते.

आता प्रश्न योग्य दारी न्यावा. उत्पादन शुल्काचा जाब केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाला, व्हॅटचा राज्याच्या वित्त विभागाला आणि मूळ दराचा सरकारी तेल कंपन्यांना विचारावा. केंद्राकडचा माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपये शुल्क भरून ऑनलाइन करता येतो. त्यात ‘का’ हा शब्द टाळावा, कारण माहिती अधिकारी कारणमीमांसा करत नाही, असलेला कागद देतो. म्हणून असे लिहावे : ‘२१ मे २०२२ रोजी जाहीर झालेल्या उत्पादन शुल्क कपातीच्या निर्णयाशी संबंधित नस्तीतील (फाइलमधील) टिपण्या व पत्रव्यवहार यांच्या प्रती द्याव्यात.’ एका अर्जात एकच निर्णय घ्यावा.

उत्तर ३० दिवसांत यायला हवे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ चा, म्हणजे देशहित, व्यापारी गोपनीयता किंवा मंत्रिमंडळाचे कागद यांचा आधार घेऊन नकार आला, तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करावे आणि कलम १० नुसार गोपनीय भाग वगळून उरलेला कागद मागावा. अपिलाचा निकाल येईपर्यंत तीच बेरीज तारखांसह एका पानावर लिहून आपल्या खासदाराकडे द्यावी आणि तारांकित प्रश्नाची विनंती करावी. अतारांकित प्रश्नाचे उत्तर केवळ लेखी मिळते, तर तारांकित प्रश्न सभागृहात पुकारला गेल्यास मंत्र्याला पूरक प्रश्नांनाही तिथल्या तिथे तोंड द्यावे लागते.