विंगच्या दाराला क्लाउड अ‍ॅक्सेस आणि व्हिडिओ इंटरकॉम: आधी दार, मग अ‍ॅप

पाहुण्याने दारावर बेल दाबली की फोनवर वाजणाऱ्या आणि तिथूनच दार उघडणाऱ्या अ‍ॅपचा डेमो बघून सोसायटीची कमिटी भुलते. तक्रारी मात्र दारावरच्या येतात. म्हणून सुरुवात लॉकपासून.

विंगच्या दाराला २८० किलोचं, १२ व्होल्टचं मॅग्नेटिक लॉक पुरतं; वीज असेतो चुंबक दार धरून ठेवतो, वीज तुटली की सोडतो. ते साधारण अर्धा अँपिअर घेतं. त्याला उरलेल्या कॅट ६ (नेटवर्कच्या) केबलमधली बारीक तारांची एक जोडी लावायचा मोह इलेक्ट्रिशियनला हमखास होतो. मग ३० मीटरवर दोन-अडीच व्होल्ट गळतात, लॉकला जेमतेम साडेनऊ-दहा पोचतात आणि झटका दिला की दार उघडतं. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढा. घट अर्ध्या व्होल्टवर येते.

दारावरची लोखंडी पट्टी मधल्या बोल्टवर, रबरी वॉशरसकट किंचित हलती हवी. बोल्ट करकचून आवळला की पट्टी चुंबकाला सपाट टेकत नाही. दार बंद करून चारही कडांना कागद घालून पाहा. जिथे सरकतो तिथे फट आहे.

कंट्रोलर, म्हणजे कार्ड तपासून लॉक सोडणारा बोर्ड, आतल्या बाजूला, कुलूपबंद पेटीत. बाहेरच्या (बेल आणि कॅमेऱ्याच्या) पॅनेलमधल्याच रिलेवर, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचवर, लॉक चालवलं, तर पॅनेल उपटून वायर तोडणाऱ्याला दार मोकळं. आग लागली तर फोडायचा हिरवा डबा लॉकच्या वीजवायरीतच मधे घाला, सॉफ्टवेअरच्या भरवशावर नको.

पॅनेल पीओईवर, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच येणाऱ्या विजेवर चालतं. लॉकला बॅटरीसह वेगळा सप्लाय द्या. लॉक आणि कंट्रोलर मिळून ०.८ अँपिअर धरले, तर ७ एएचची बॅटरी कागदावर आठ-नऊ तास, प्रत्यक्षात पाच-सहा. राउटर आणि नेटवर्क स्विचही यूपीएसवर हवेत, नाहीतर कार्ड चालेल पण फोन वाजणार नाही.

पैसे चुकते करण्याआधी इंटरनेटची केबल काढायला लावा आणि कार्ड टेकवा. दार उघडलं नाही, तर कार्डांची यादी कंट्रोलरमध्ये साठतच नाही; तसला माल परत पाठवा. कार्ड १२५ किलोहर्ट्झचं नको, त्याची नक्कल सहज होते. डेस्फायर (एन्क्रिप्शन असलेलं) कार्ड घ्या.

'बेल वाजलीच नाही' ही तक्रार बहुतेक वेळा अँड्रॉइडच्या बॅटरी बचतीमुळे येते. अ‍ॅपला त्यातून वगळा. स्मार्टफोन न वापरणाऱ्या आजी-आजोबांसाठी साध्या फोनवर कॉल जाण्याची सोय मागा.

अ‍ॅडमिन खातं सोसायटीच्या ईमेलवरच उघडा, व्हेंडरच्या नव्हे. आणि भाडेकरू गेला त्याच दिवशी त्याचं कार्ड आणि अ‍ॅप दोन्ही बंद करा.