लगेच फॉर्म भरू नकोस

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात कुणाला नुसता ताप आला तरी ‘सिस्टरला हाक मारा’ म्हणतात. सिस्टर म्हणजे मी. मध्यंतरी शेजारच्या काकूंची भाची आली, नुकतीच बीएससी नर्सिंग झालेली. “ताई, क्रिटिकल केअरचा कोर्स करायचाय. लगेच फॉर्म भरू का?”

नको, म्हटलं. आधी आयसीयूत ड्यूटी कर.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा पदव्युत्तर कोर्स 2 वर्षांचा, रेसिडेन्सी पद्धतीचा. वर्गात थोडं, बाकी सगळं पेशंटच्या उशाशी. बीएससी आणि रजिस्ट्रेशनबरोबर किमान 1 वर्षाचा अनुभव मागतात. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांना 1 वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे.

हे अनुभवाचं वर्ष म्हणजे नुसती अट नाही. माझ्या त्या वर्षातली एक नाइट. व्हेंटिलेटरवरचे आजोबा, हाय प्रेशरचा अलार्म. मी सवयीनं सायलेन्स दाबला आणि चार्ट भरत बसले. अलार्म पुन्हा वाजला तेव्हा रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन 97 वरून 86! सिनियर बेन धावत आल्या. छाती दोन्हीकडे सारखी उठतेय का पाहिलं, श्वासाची ट्यूब ओठाशी किती सेंटिमीटरवर आहे ते पाहिलं, सक्शन कॅथेटर (कफ ओढायची नळी) ट्यूबमध्ये घालून बघितली. आत जाईना. आजोबांनी ट्यूब दातांत धरली होती. दातांमध्ये बाइट ब्लॉक (ट्यूब चावू नये म्हणून ठोकळा) बसवला, आकडा चढला. मला एवढंच म्हणाल्या, “पहेलां दर्दी जो, पछी मशीन.” आधी पेशंट बघ, मग मशीन.

पुढे कोर्समध्ये हेच ‘डोप’ (चार कारणांची इंग्रजी आद्याक्षरं) म्हणून शिकवलं: ट्यूब सरकली, तुंबली, न्यूमोथोरॅक्स झाला (फुप्फुसाबाहेर हवा साठली) की उपकरण बिघडलं? बाकीच्या पाठ करत होत्या. मला आजोबांचे दात दिसत होते.

ॲडमिशनआधी कौन्सिलची मान्यता स्वतः तपासा. स्टायपेंड किती ते लेखी घ्या. आणि एक कडू गोष्ट: कोर्स करून आल्यावर मला पुन्हा जुन्याच स्टाफ नर्सच्या रोस्टरवर टाकलं होतं. त्या नावाची पोस्टच नव्हती. तेव्हा पुढची जागा कुठे मिळणार, हे आधीच विचारून ठेवा.

भाची आता एका आयसीयूत लागलीय. परवा रात्री अडीचला मेसेज: “ताई, पीएच 7.28, पीसीओटू 58. रेस्पिरेटरी ॲसिडोसिस ना?” म्हणजे श्वास अपुरा पडून रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलाय, आम्लता वाढलीय.

“हो. डॉक्टरांना कळवलंस? आणि पेशंट कसा दिसतोय?”

“कळवलंय. पेशंटकडे बघून सांगते.”