अनोळखी लोकांना ऑनलाइन सल्ला विचारताय? मग आधी हे वाचा

माझा कढीपत्ता पिवळा पडायला लागला होता तेव्हा मी पहिल्यांदा नेटवर अनोळखी लोकांना सल्ला विचारला. प्रश्न एवढाच होता, "कढीपत्ता वाढत नाहीये, काय करू?" तासाभरात धडाधड उत्तरं आली. ताक घाला, ताक अजिबात घालू नका, कुंडी मोठी करा, शेंडा खुडा, एप्सम सॉल्ट टाका, तांदळाचं धुवण घाला. सगळे मनापासून सांगत होते आणि मी सगळंच थोडं थोडं केलं आणि झाड अजूनच खंगलं. मग एका ताईंनी काहीही उपाय न सांगता मलाच विचारलं, कुंडीखाली ताटली ठेवलीये का, आणि तिच्यात पाणी साचतं का? ठेवली होती आणि साचत होतं. मुळं कुजत होती आणि वरून मी ताक, धुवण ओततच होतो.

त्या दिवसापासून कुठलाही प्रश्न टाकायच्या आधी मी एकच गोष्ट बघतो, माझ्या प्रश्नात ताटली दिसतेय का. समोरचा माणूस तुमच्या गॅलरीत उभा नाहीये ना. त्याला जे सांगाल तेवढंच त्याला कळणार, बाकीचं तो स्वतःच्या अनुभवावरून भरणार, आणि त्याचं घर, त्याचं गाव, त्याचा पगार तुमच्यासारखा नसतो.

आता झाडांचंच घ्या, बाकी छंदांनाही हेच लागू आहे. शहर कुठलं, ऊन किती तास आणि सकाळचं की दुपारचं, कुंडी केवढी, खाली भोक आहे का, पाणी किती दिवसांनी घालता, आणि मागच्या पंधरा दिवसांत नवीन काय केलं. हे शेवटचं लोक हमखास विसरतात आणि उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, एक पूर्ण झाडाचा, एक मातीचा, एक पानाच्या मागच्या बाजूचा कारण मावा, पिठ्या ढेकूण वगैरे तिथेच लपलेले असतात. चांगल्या फोटोने काय होतं बघा, एकाने कढीपत्त्यावरच्या अळीचा फोटो टाकला होता, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी पांढरी अळी, आणि विचारलं होतं की कुठलं औषध मारू. फोटो इतका स्पष्ट होता की लगेच कोणीतरी सांगितलं, अहो ही फुलपाखराची अळी आहे, लिंबू आणि कढीपत्ता दोन्हीवर येते, मोठी झाली की हिरवी होते, चार पानं खाऊ द्या तिला. औषधाची गरजच नव्हती. नुसतं "कीड लागलीये, औषध सांगा" असं लिहिलं असतं तर पाच औषधांची नावं मिळाली असती आणि अळी मेली असती.

टेक्नॉलॉजीच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे अडचण न सांगता स्वतःच ठरवलेल्या उपायाबद्दल विचारणं. "४० हजारात चांगला लॅपटॉप सुचवा" हा प्रश्न मी शेकडो वेळा वाचलाय, आणि थोडं खोदून विचारलं की कळतं जुना लॅपटॉप चालू व्हायला दहा मिनिटं घेतो म्हणून नवीन हवाय. मग विचारायचं ते हे, की जुना इतका स्लो का झालाय. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा, तिथे रॅम किती आहे आणि डिस्क एचडीडी (जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क) आहे की एसएसडी (तिच्याहून खूप वेगवान) ते बघा, काही विशेष न करता डिस्क १०० टक्क्यांवर अडकून राहतेय का ते पण बघा, आणि हे सगळं प्रश्नात लिहा. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकल्यावर तोच लॅपटॉप पळायला लागतो हे मी घरातच बघितलंय, नव्या लॅपटॉपच्या मानाने खर्च अगदी थोडा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून "माझा लॅपटॉप आता फेकू का" असे प्रश्न खूप येतात. इथेही नुसतं कंपनीचं नाव देऊन काही उपयोग नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे गेलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव मिळतं, ते जसंच्या तसं टाका, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लॅपटॉपमध्ये लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्यात बसत नाहीत. एवढं लिहिलं की जाणकार माणूस दोन ओळीत उत्तर देतो. एररचं पण तसंच, "काहीतरी एरर येतोय" असं नको, अक्षर न अक्षर कॉपी करून टाका आणि काय काय करून बघितलं तेही लिहा नाहीतर सगळे तुम्हाला रीस्टार्ट करायलाच सांगतील.

स्क्रीनशॉट टाकताना ईमेल, सीरियल नंबर, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) झाका. आणि कोणी पर्सनल मेसेज करून म्हणालं की मी दुरुस्त करून देतो, फक्त हे ॲप टाका आणि मला स्क्रीन दाखवा, तर कितीही गोड बोलला तरी नाही म्हणा. खरंच मदत करणारा माणूस सगळ्यांसमोर उत्तर देतो, चुकलं तर दुसरे त्याला टोकतात, तीच तर तुमची सुरक्षितता आहे. पैसे गेलेच तर एक मिनिट न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आता आयुष्याचे निर्णय. यावर मला जास्त बोलायचंय कारण इथे चुकीच्या सल्ल्याची किंमत एक रोप नसते, दोन चार वर्षं असतात.

एमपीएससीचं उदाहरण घेतो. "नोकरी सोडून पुण्यात अभ्यासिका लावू का" असं एखादी मुलगी विचारते, आणि उत्तर कोण देतं? ज्यांना पोस्ट मिळाली ते उत्साहाने लिहितात, जिद्द ठेव, होतं. ज्यांनी पाच वर्षं देऊन सोडलं ते गप्प असतात, त्यांना परत ते सगळं आठवायचं नसतं. म्हणून त्यांना मुद्दाम हाक मारावी लागते. असं विचारा, "ज्यांनी तयारी करून मध्येच थांबवली त्यांनी सांगा, कितव्या वर्षी थांबलात, महिन्याला खर्च किती यायचा, नंतर नोकरी मिळताना गॅपबद्दल काय विचारलं." मी काय करू असं विचारलं की मतं मिळतात, तुमचं काय झालं असं विचारलं की अनुभव मिळतो, आणि निर्णय अनुभव ऐकून घ्यावा.

आणि सल्ला देणाऱ्याला वर्ष विचारा, अगदी नक्की विचारा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा कित्येक वर्षं मुख्यतः पर्याय निवडायची होती, ती वर्णनात्मक करायचं ठरलं, २०२३ मध्ये पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली तेव्हा ते २०२५ पर्यंत पुढे ढकललं गेलं. म्हणजे २०१८ ला पास झालेला माणूस अगदी खरं सांगत असला तरी तो वेगळ्याच परीक्षेचं सांगतोय. हल्ली लोक चॅटबॉटला विचारून लांबलचक उत्तर चिकटवतात, तिथेही सरळ विचारा, हे तुम्ही स्वतः केलंय का.

तुमच्या बाजूने खरं काय ते लिहा. वय, घरी कमावणारे किती, कर्ज आहे का, हातात किती महिन्यांची सोय आहे. या ताटल्या आहेत, या झाकल्या तर उत्तर चुकणारच. पण ओळख मात्र झाका. गावाचं नाव, ऑफिस, मुलांची वयं हे तिन्ही एकत्र आलं की नात्यातलं कोणीही ओळखतं, म्हणून तालुक्याऐवजी "लहान गाव" लिहा, वेगळं अकाउंट काढा. आकडे बदलू नका. घरातल्या भांडणाबद्दल विचारताना समोरच्या माणसाची बाजू पण एका परिच्छेदात प्रामाणिकपणे लिहा, नाहीतर शंभर जण "सोडून दे" म्हणतील कारण त्यांनी फक्त तुमचीच बाजू ऐकलीये. आणि रात्री दोन वाजता रडत असताना पोस्ट टाकू नका, लिहून ठेवा, सकाळी परत वाचून टाका. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

काही प्रश्न नेटवर विचारायचेच नाहीत. साप चावला तर फोटो टाकून "हा विषारी आहे का" विचारत बसू नका, १०८ ला फोन करा आणि हॉस्पिटल गाठा. पावसाळ्यात उगवलेली रानअळंबी फोटोवरून कोणी खाण्यालायक म्हटलं तरी खाऊ नका. औषधाचा डोसही तसाच, डॉक्टरांनाच विचारा.

उत्तरं आली की घाई नको, दोन दिवस जाऊ द्या. ज्याने तुम्हाला उलटे प्रश्न विचारले त्याचं आधी वाचा. ज्याने सांगितलं की अमुक परिस्थितीत माझा सल्ला चालणार नाही त्याचं पण वाचा. आणि एका वेळी एकच उपाय करा, नाहीतर कशाने फरक पडला ते तुम्हालाही कळणार नाही.

मग परत जाऊन सांगा काय झालं ते, चुकलं असेल तरी सांगा. मी ताटली काढली, कुजकी मुळं कापली, नवीन मातीत वाळू मिसळून झाड लावलं, आणि दीड महिन्याने पहिला कोवळा फुटवा आला तेव्हा त्याच प्रश्नाखाली फोटो टाकला. त्या ताईंनी लिहिलं, आता थंडी येतेय, वाढ मंदावेल, घाबरून पाणी वाढवू नका.