क्राइम रिमेक आणि मूळ परदेशी चित्रपट: तुलना कशी करावी

(खाली काही शेवट फोडले आहेत.)

आधी मूळ चित्रपट, मग रिमेक. मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या. उलट क्रमाने पाहिलं तर रहस्य आधीच कळलेलं असतं आणि मूळ चित्रपट उगाच संथ वाटतो. डब केलेली प्रत टाळा, सबटायटल्स घ्या. चौकशीत माणूस नेमका कुठे अडखळतो, ते डबिंगमध्ये पुसलं जातं.

प्रत कोणती आहे तेही तपासा. 'इन्फर्नल अफेअर्स'च्या (२००२) हाँगकाँग आवृत्तीत पोलिसांत घुसलेला गुंडांचा हस्तक सुटतो, मुख्य भूमी चीनसाठी केलेल्या शेवटात पकडला जातो. ही दुसरी प्रत त्याच्या अमेरिकी रिमेकशेजारी, म्हणजे 'द डिपार्टेड'शेजारी (२००६) ठेवली तर निष्कर्षच फिरतो. लांबी मोजतानाही जपा: जुन्या युरोपी डीव्हीडीवर सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट २५ने धावतो, म्हणजे १०० मिनिटांचा ९६ मिनिटांत संपतो. हा फरक म्हणजे कात्री नव्हे.

आता तक्ता करा. रकाने पाच: गुन्हा, कुणाला काय कधी कळतं (मिनिटासह), पुरावा, तपास करणाऱ्याची चूक, शिक्षा. कपडे, गाड्या, गाणी यांत अडकू नका.

खरा शोध इथून पुढे. मूळ कथेला आधार देणारा कोणता नियम नव्या देशात लागू होत नाही, ते हुडका. नॉर्वेच्या 'इन्सोम्निया'त (१९९७) स्वीडिश अधिकारी धुक्यात चुकून आपल्याच सहकाऱ्याला गोळी घालतो. तिथले पोलीस तेव्हा सहसा शस्त्र बाळगत नसत, याच्याकडे मात्र पिस्तूल असतं. लपवण्याचं कारण तिथेच तयार होतं. ख्रिस्तोफर नोलनने २००२मध्ये गोष्ट अलास्कात नेली. तिथे पोलिसाकडे पिस्तूल असणं नेहमीचंच. मग लपवायचं का? म्हणून नवं कारण बसवलं: मेलेला सहकारी अंतर्गत चौकशीत नायकाविरुद्ध बोलणार होता. एक नियम निघाला आणि अपघातावर हेतूची सावली पडली.

असा बदल सापडला की त्याचा माग पुढच्या प्रसंगांत काढा. पुरावा बदलण्यासाठी दोन्ही नायकांना झाडलेली गोळी हवी असते. मूळ चित्रपटातला जिवंत कुत्र्याला मारतो, रिमेकमधला आधीच मेलेल्या कुत्र्यावर झाडतो. कृती जवळपास तीच, पण प्रेक्षकाची सहानुभूती कुठे टिकते ते बघा. शेवटी पहिला सुटतो, दुसरा मरतो.

नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक फरकाला 'तिथली संस्कृती वेगळी' असं लेबल लावणं. 'द डिपार्टेड'मध्ये मूळच्या मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रेयसी या दोन स्त्रियांची एकच व्यक्तिरेखा झाली, ते पटकथेचं गणित आहे. पात्र कमी होऊनही चित्रपट १०१ मिनिटांवरून १५१वर गेला. ती ५० मिनिटं कुणाच्या वाट्याला गेली, ते घड्याळ लावून मोजा. ज्या बदलाचं कारण एका वाक्यात सांगता येत नाही, त्यापुढे प्रश्नचिन्ह टाका आणि तेवढे प्रसंग लागोपाठ पुन्हा पाहा.